सातपूरची पेन्शन आणि सल्ल्याचा हिशेब

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता आयटीआयचा चौक ओलांडून सातपूरच्या हद्दीत शिरला, की दोन्ही हातांना कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. त्या भिंतींआड एका संपूर्ण पिढीने आपले तारुण्य खर्च केले आहे, ह्याची आठवण वाटसरूला करून देणारी खूण मात्र तेथे कोठे नाही. एकोणीसशे साठच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९६९ साली मायकोचा, म्हणजे पुढे बॉशच्या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा, कारखाना सुरू झाला. मागून महिंद्र, सिएट आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखानदार आले. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून, दिंडोरी-पेठच्या पाड्यांवरून आणि त्र्यंबकच्या खेड्यांतून आलेल्या तरुणांनी अशोकनगर, श्रमिकनगर, स्वारबाबानगर ह्या वस्त्यांत प्रथम भाड्याच्या खोल्या आणि मग कर्ज काढून घरे केली. त्यांतील पुष्कळ जण आज निवृत्त झाले आहेत, आणि जे झाले नाहीत ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. भविष्य निर्वाह निधीचे नाशिकचे विभागीय कार्यालयही ह्याच वसाहतीत असल्यामुळे, ज्या रस्त्याने हा कामगार तीस वर्षे पाळीवर गेला त्याच रस्त्याने तो आता आपल्या पेन्शनचे कागद घेऊन जातो.

सातपूरच्या बोलण्यात ह्या कार्यालयाला ‘फंडाचे ऑफिस’ म्हणतात, आणि फंड काढणे, फंड वळता करणे, पेन्शन लावून घेणे ह्या तीन क्रिया म्हणजे कामगाराच्या आर्थिक आयुष्यातील तीन मोठे निर्णय होत. ह्या तिन्ही निर्णयांच्या भोवती सल्ला देणाऱ्यांचा एक धंदा उभा आहे. त्याच्या एका टोकाला झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर पन्नास रुपयांत केवायसी करून देणारा मुलगा बसतो, दुसऱ्या टोकाला निवृत्तीच्या रकमेवर डोळा ठेवून घरी येणारा विमा-प्रतिनिधी किंवा फंडांचा वितरक असतो, आणि ह्या दोहोंच्या मध्ये ‘पीएफ, पेन्शन, ई-नॉमिनेशन, क्लेम’ असा फ्लेक्स लावून बसलेला एजंट. ह्यांपैकी कोण किती घेतो ह्याची चर्चा कामगारांत नेहमी चालते. परंतु तो कशावर घेतो, ही चर्चा फारशी कानी येत नाही. माझ्या मते साऱ्या मामल्याचे मर्म तेथेच आहे.

एजंटाकडे जाणाऱ्या कामगाराला अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. ज्याला रोजंदारीवर पगार मिळतो त्याचा एक खाडा पडला की पाच-सातशे रुपये बुडतात. आधारवरील नाव आणि फंडाच्या दफ्तरातील नाव ह्यांत एका अक्षराचा फरक असला, वडिलांच्या नावाऐवजी आडनाव चढले असले, किंवा जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नसली, तर असे दोन-तीन खाडे सहज पडतात. अशा वेळी दोनशे रुपये देऊन कोणी अर्ज बिनचूक भरून देत असेल, तर तो सौदा वाजवी आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या सर्व सेवा निःशुल्क आहेत हे खरे. २०२५ च्या जूनमध्ये संघटनेने जाहीर निवेदन काढून, त्रयस्थ व्यक्तींकडे आणि सायबर कॅफेंकडे जाऊ नका, पुष्कळदा ते तुमच्या वतीने आमच्याच तक्रार-संकेतस्थळावर तक्रार नोंदवितात आणि त्याचे पैसे घेतात, असे सभासदांना बजावले, हेही खरे. तरीसुद्धा श्रमाचे ठोक मोल घेणारा माणूस मला ह्या प्रकरणातील गुन्हेगार वाटत नाही. चिंता आहे ती टक्का घेणाऱ्याची. जेवढी रक्कम हातात येईल तिच्यावर टक्का घेणाऱ्या माणसाला रक्कम हातात यावी असेच वाटणार. आणि पुष्कळ वेळा ती हातात न येणे, जेथे आहे तेथेच राहणे किंवा नव्या खात्यात वळती होणे, ह्यातच कामगाराचे हित असते.

हे उमगावयाचे तर पेन्शनच्या योजनेची घडण थोडी समजून घ्यावी लागते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. त्याखालील कर्मचारी पेन्शन योजना (ईपीएस-९५) १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आली. कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी सारी फंडात जाते. मालकाच्या वर्गणीतून मात्र वेतनाचे ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात वळतात, आणि ह्यासाठी धरावयाच्या वेतनाला मर्यादा असते. ही मर्यादा प्रारंभी ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. निवृत्तीच्या वेळी पेन्शनयोग्य वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे, की महिन्याची पेन्शन निघते. वीस वर्षे सेवा झाली असल्यास दोन वर्षे जादा धरतात. पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. पन्नासनंतर आधी घेता येते, पण आधीच्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के घटून. १९९५ पासून मर्यादेतील वेतनावर वर्गणी भरत आलेल्या माणसाच्या हाती ह्या गणिताने काय येते, हे सातपूरच्या निवृत्तांना विचारावे. बहुतेकांच्या पेन्शनीत एका घराचा किराणाही धड निघत नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबली आहे, आणि ती ७,५०० व्हावी म्हणून बुलढाण्याचे कमांडर अशोक राऊत ह्यांच्या नेतृत्वाखाली ईपीएस-९५ चे निवृत्त वर्षानुवर्षे आंदोलन करीत आले आहेत.

रक्कम इतकी लहान आहे म्हणूनच ती किरकोळीत सोडून देण्याचा मोह होतो, आणि टक्का घेणाऱ्या सल्लागाराचे फावते. योजनेतील सर्वांत महत्त्वाची अट दहा वर्षांची आहे. दहा वर्षे सेवा झाली की आजन्म पेन्शनचा हक्क उत्पन्न होतो. त्याच्या आत नोकरी सुटली तर १०-सी अर्जाने पेन्शनच्या खात्यातील रक्कम काढता येते, किंवा तीच रक्कम न काढता सेवेचा दाखला घेऊन ती वर्षे पुढच्या नोकरीला जोडता येतात. कायम कामगाराला ह्या अटीची झळ लागत नाही. परंतु आजच्या सातपुरात कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराकडचे फार. एका ठेकेदाराकडे चार वर्षे, दुसऱ्याकडे तीन, तिसऱ्याकडे पाच अशी बारा वर्षे भरलेला वेल्डर किंवा मशीन ऑपरेटर येथे कोणत्याही गल्लीत भेटेल. दोन नोकऱ्यांच्या मधल्या बेकारीत घरभाडे थकते, मुलांची फी थकते, आणि ‘फंड काढून घे, पेन्शनचेही काढून घे, पडून राहून काय उपयोग’ असा सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्याला काढलेल्या रकमेतून वाटा मिळणार असतो. खाते वळते करण्याच्या १३ नंबरच्या अर्जातून कोणाच्याही हाती रोकड येत नाही, आणि ज्या व्यवहारात रोकड येत नाही त्याचा टक्काही निघत नाही.

ह्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. सोयीसाठी तिन्ही नोकऱ्यांत पेन्शनयोग्य वेतन १५,००० धरले, तर योजनेच्या तक्त्याप्रमाणे चार वर्षांचे सुमारे ६२,०००, तीन वर्षांचे सुमारे ४६,००० आणि पाच वर्षांचे सुमारे ७९,००० असे तीन वेळा मिळून त्याला पावणेदोन लाखांहून थोडे अधिक मिळतील. तीच बारा वर्षे जोडून ठेवली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिन्याला साधारण २,५७० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ ३१,००० रुपये पेन्शन लागते. सहा-सव्वासहा वर्षांत पेन्शन काढलेल्या रकमेएवढी होते, आणि त्यापुढे तो माणूस जगेल तितका काळ ती चालू राहते, व त्याच्या मागे त्याच्या पत्नीला निम्मी मिळत राहते. काढलेले पैसे वीस वर्षे आधी हातात आले आणि त्यांवर व्याज मिळाले असते, हा आक्षेप योग्यच आहे. पण थकलेले भाडे भरण्यासाठी काढलेला पैसा ठेवीत जात नाही, हे सातपूरमध्ये राहणाऱ्याला सांगावयास नको. शिवाय ह्या हिशेबात न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. नोकरीत असताना मृत्यू आला तर वर्गणी एकाच महिन्याची असली तरी विधवेला पेन्शनचा हक्क मिळतो, आणि मुलांना वेगळी पेन्शन असते. १०-सी भरून पैसे घेतले आणि पुढची नोकरी लागली नाही, तर हे छत्र उडून जाते. निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेन्शनची रक्कम काढण्यासाठी बेकारीची मुदत दोन महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला, त्याविरुद्ध पुष्कळ ओरड झाली. अडचणीतील माणसाचा पैसा अडवू नये हे मान्य करूनही, पेन्शनीपुरता तो निर्णय मला कामगाराच्या हिताचा वाटतो.

सल्लागाराची कमाई सल्ल्याच्या निष्कर्षावर अवलंबून असली म्हणजे काय अनर्थ होतो, ह्याचा जगातील सर्वांत ठळक दाखला एका भारतीय उद्योगसमूहाच्या परदेशी कारखान्यात घडला. २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर ब्रिटिश स्टीलच्या जुन्या पेन्शन-निधीचा भारही आला. २०१७ मध्ये तो निधी कंपनीपासून वेगळा काढला गेला, तेव्हा वेल्समधील पोर्ट टॅलबटच्या पोलाद-कामगारांना थोड्या महिन्यांत ठरवावयाचे होते, की नव्या निधीत राहावे, सरकारी संरक्षण-निधीत जावे, की आजन्म पेन्शनच्या हक्काऐवजी एकरकमी पैसा घेऊन तो खासगी गुंतवणुकीत वळता करावा. सुमारे ८,००० जणांनी तिसरा मार्ग पत्करला आणि मिळून जवळजवळ २.८ अब्ज पौंड निधीबाहेर गेले. तेथील कायद्याप्रमाणे ३०,००० पौंडांहून अधिक किमतीचा असा हक्क सोडण्यापूर्वी मान्यताप्राप्त सल्लागाराचा सल्ला घेणे २०१५ पासून बंधनकारक होते. म्हणजे सल्ला घेतला गेला, शुल्कही दिले गेले, कागदोपत्री सारे यथास्थित होते. तथापि पुष्कळ सल्लागारांचे शुल्क, कामगाराने पेन्शन वळती केली तरच मिळावयाचे होते. पुढे तेथील वित्तीय नियामकाने तपासणी केली, तेव्हा ह्या कामगारांना दिलेला जवळजवळ निम्मा सल्ला अयोग्य ठरला. इतर ठिकाणच्या अशाच व्यवहारांत ते प्रमाण १७ टक्के होते. १ ऑक्टोबर २०२० पासून निष्कर्षावर अवलंबून असलेल्या ह्या शुल्कास, काही अपवाद वगळून, मनाई झाली, आणि नुकसानभरपाईची योजना २०२३ मध्ये अमलात आली.

सातपूर आणि पोर्ट टॅलबट ह्यांच्यात पैशाच्या आकड्यांचे अंतर अफाट आहे, पण माणसाची स्थिती तीच आहे. आयुष्यभर यंत्रापाशी उभा राहिलेला, हिशेबाच्या कागदांना बिचकणारा, आपल्यासारखेच कपडे घालून आपल्याच बोलीत बोलणाऱ्या माणसावर विश्वास टाकणारा असा कामगार दोन्हीकडे दिसतो. आपल्याकडे तर असा सल्ला देणाऱ्याला परवान्याचीही गरज भासत नाही. पेन्शनचा अर्ज भरून देणारा माणूस कोणत्या कायद्याखाली जबाबदार आहे, हे विचारावयास कामगाराने कोठे जावे?

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. कायम कामगार निवृत्त होतो किंवा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन बाहेर पडतो, तेव्हा फंड, ग्रॅच्युइटी आणि कंपनीने दिलेली रक्कम मिळून त्याच्या खात्यात वीस, तीस, कधी चाळीस लाख एकदम जमा होतात. ही वार्ता बँकेच्या शाखेत त्याच दिवशी पोहोचते, आणि आजवर पासबुक भरून घेण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या त्या माणसाला ‘काका, बसा ना’ म्हणून खुर्ची मिळते. घरी भाच्याचा मित्र, मुलाचा वर्गमित्र, गावाकडचा पाहुणा असे प्रतिनिधी येऊ लागतात. ह्यांच्यातील बहुतेकांची वागणूक आर्जवाची असते, कित्येकांचा हेतूही वाईट नसतो. पण त्यांचे पोट कशावर चालते हे जाणून घेतल्यावाचून त्यांचा सल्ला तोलता येत नाही.

अशा प्रसंगी जो विमा गळ्यात पडतो त्याच्या प्रस्तावाचा कागद एकदा नीट पाहावा. लाभाचे चित्र दाखविणारा एक तक्ता त्याला जोडलेला असतो. डाव्या बाजूला वर्षे, मग दरवर्षीचा हप्ता, आणि मग परतावा ४ टक्के धरून व ८ टक्के धरून मिळणाऱ्या रकमा असे त्याचे रूप असते. ८ टक्क्यांच्या रकान्यातील शेवटचा आकडा प्रतिनिधीने पेनने गोल केलेला असतो. परंतु ते दोन्ही दर केवळ गृहीत धरलेले आहेत, त्यांची हमी नाही, असे खाली बारीक अक्षरांत छापलेले असते. हप्ता भरावयाची मुदत दहा-बारा वर्षांची असते, आणि घेणारा माणूस अठ्ठावन्न वर्षांचा असून त्याचा पगार नुकताच थांबलेला असतो. २०२३ पूर्वीच्या नियमांत दीर्घ मुदतीच्या अशा विम्याच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत दलाली देता येई. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक प्रकारच्या विम्याची वेगळी मर्यादा जाऊन एकूण खर्चाची मर्यादा आली. ह्याच माणसाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टपाल कार्यालयात पैसे ठेवले असते, तर प्रतिनिधीला काहीच मिळाले नसते, कारण त्या योजनेवरील दलाली १ डिसेंबर २०११ पासून बंद झाली आहे. तीस लाखांपर्यंत रक्कम, २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के व्याज आणि दर तिमाहीस ६१,५०० रुपयांपर्यंत निश्चित उत्पन्न देणारी ही योजना शासनाची असूनही निवृत्ताच्या घरी तिची शिफारस करावयास कोणी येत नाही, ह्याचे कारण दलालीच्या ह्या इतिहासात आहे. साठाच्या आत, पण पंचावन्नानंतर निवृत्त झालेल्याला रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यात खाते उघडता येते. ही मुदत उलटून गेली, की साठीपर्यंत वाट पाहावी लागते.

म्युच्युअल फंडाची दलाली अधिक सौम्य दिसते आणि म्हणूनच अधिक काळ चालते. गुंतवणूक करतेवेळी कापून घेतले जाणारे शुल्क १ ऑगस्ट २००९ पासून बंद झाले. वितरकाला मिळतो तो दरवर्षी फंडाच्या मालमत्तेतून वळता होणारा अंश, जो गुंतवणूकदाराच्या पासबुकात कधी वेगळा खर्च म्हणून पडत नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची वितरकाविना घेता येणारी थेट योजनाही असते, आणि दोहोंच्या वार्षिक खर्चात समभागांच्या फंडांत पुष्कळदा पाऊण-एक टक्क्याचा फरक आढळतो. पाऊण टक्का म्हणजे काय ते पाहू. वीस लाख रुपये पंधरा वर्षे हात न लावता ठेवले आणि वर्षाला दहा टक्के वाढ मिळाली, तर साडेत्र्याऐंशी लाख होतात. त्यातून दरवर्षी पाऊण टक्का गेला, तर साडेपंचाहत्तर लाखांच्या आत राहतात. आठ लाखांचा हा फरक सल्ल्याचे मोल आहे. तो सल्ला पंधरा वर्षे खरोखर मिळत राहिला, बाजार कोसळल्यावर घाबरून विकू पाहणाऱ्याचा हात कोणी धरला, वारसाची नोंद करून दिली, विधवेला मृत्यूनंतरचे कागद मिळवून दिले, तर काही कुटुंबांना ते मोल वाजवीही वाटेल. परंतु ते मोल आपण देत आहोत हे देणाऱ्याला ठाऊक असावयास हवे. २०१६ च्या ऑक्टोबरपासून सहामाही एकत्रित विवरणपत्रात वितरकाला दिलेली दलाली रुपयांत छापण्याचा नियम आहे. ते विवरणपत्र उघडून तो रकाना शोधण्याचे कष्ट निवृत्ताने एकदा घ्यावेत, आणि त्या आकड्याच्या बदल्यात गेल्या सहा महिन्यांत आपल्याला काय मिळाले हे स्वतःला विचारावे.

ह्या सर्वांहून वेगळा असा एक सल्लागार कायद्याने निर्माण केला आहे. सेबीने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांचे नियम केले; त्यांखाली नोंदलेला सल्लागार दलाली न घेता ग्राहकाकडून उघड शुल्क घेतो. त्यालाही मर्यादा आहे: एकतर सल्ल्याखालील मालमत्तेच्या अडीच टक्क्यांपर्यंत, किंवा कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपयांपर्यंत ठरावीक रक्कम. सबंध देशात असे नोंदलेले सल्लागार हजाराच्या आसपासच आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने निवृत्तीच्या आराखड्याचे वीस हजार सांगितले, तर जीएसटी धरून २३,६०० रुपये होतात, आणि तो आकडा ऐकून सातपूरचा निवृत्त उठून येतो. सल्ला म्हणजे बोलणे, आणि बोलण्याचे पैसे कसले, ही आपल्या समाजाची समजूत जुनी आहे. वकिलाला आणि वैद्याला देताना ती आड येत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र डोळ्यांदेखत द्यावे लागणारे चोवीस हजार जड वाटतात आणि न दिसता जाणारे आठ लाख हलके वाटतात.

तरीही प्रत्येकाने हे चोवीस हजार द्यावेत असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या हाती पंधरा-वीस लाख आहेत, डोक्यावर कर्ज नाही, मुलीचे लग्न उरकले आहे आणि महिन्याचा खर्च भागावा एवढीच अपेक्षा आहे, त्याने ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि बँकेची ठेव ह्यांपलीकडे जाऊ नये, व त्यासाठी त्याला कोणत्याही सल्लागाराची गरज नाही. उघड शुल्काचा सल्ला घ्यावा तो तेव्हा, जेव्हा निर्णय परत फिरविता येत नाही आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या रकमा असतात.

असा निर्णय सातपूरच्या हजारो घरांवर नुकताच येऊन गेला. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च वेतनावरील पेन्शनचा फैसला दिला, आणि ज्यांच्या फंडात मर्यादेपेक्षा अधिक, म्हणजे प्रत्यक्ष पगारावर वर्गणी जात होती, त्यांना ठरावीक अटींवर वाढीव पेन्शनचा विकल्प खुला झाला. मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली आणि देशभरातून साडेसतरा लाखांच्या आसपास अर्ज आले. विकल्प फुकटचा नव्हता. मालकाच्या वर्गणीतील जो भाग इतकी वर्षे पेन्शनीऐवजी फंडात गेला होता, तो व्याजासह परत पेन्शनच्या खात्यात वळता करावयाचा होता. निवृत्त माणसाने तर तो फंड केव्हाच काढून घर बांधण्यात, लग्नात, मुलाच्या शिक्षणात खर्च केलेला होता. पोर्ट टॅलबटच्या कामगारापुढे आजन्म पेन्शन सोडून एकरकमी पैसा घेण्याचा प्रश्न होता. सातपूरच्या कामगारापुढे एकरकमी पैसा परत देऊन आजन्म पेन्शन विकत घेण्याचा.

गणित असे. समजा, निधी कार्यालयाने दहा लाख भरावयास सांगितले आणि महिन्याची पेन्शन ९,००० रुपयांनी वाढणार आहे. म्हणजे वर्षाला १,०८,०००. नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाने तेच दहा लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, तर त्याला ८२,००० मिळतात आणि मुद्दल शाबूत राहते. पेन्शनीत भरलेले मुद्दल मात्र परत येत नाही, कारण पेन्शनचा अंश विकण्याची व भांडवल परत मिळण्याची सोय २००८ मध्येच काढून टाकली आहे. मृत्यूनंतर विधवेला निम्मी पेन्शन मिळते आणि तिच्या मागे काही उरत नाही. अशा माणसाला वर्षाच्या २६,००० रुपयांच्या वाढीसाठी दहा लाख द्यावे लागतात, आणि महागाईप्रमाणे न वाढणाऱ्या पेन्शनीसाठी हा सौदा बहुधा महागच पडतो. पण तोच माणूस पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेला असला, तर साऱ्या हिशेबाची बाजू उलटते. मागील साठ महिन्यांची थकबाकी ५,४०,००० रुपये त्याला मिळावयाची असते, म्हणजे पदरचे प्रत्यक्षात ४,६०,००० जातात; त्यांवर सुटणारे व्याज ३८,००० वजा जाता वर्षाला सत्तर हजार अधिक पडतात, आणि साडेसहा वर्षांत मुद्दल भरून निघते. प्रकृती ठीक असलेल्या, पत्नी वयाने लहान असलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने हा विकल्प सोडू नये. एकाच कारखान्यात, एकाच खात्यात, शेजारी-शेजारी काम केलेल्या दोघांसाठी उत्तर परस्परविरुद्ध येते, ते असे. थकबाकीवरील आयकर, पत्नीचे वय, घरातील आजार, दुसरे उत्पन्न ह्या साऱ्यांनी ते पुन्हा बदलते.

सल्ल्याला खरे मोल येते ते अशा ठिकाणी. आणि नेमका येथेच तो सल्ला कामगाराला मिळाला नाही. झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून मिळाले. भरावा की भरू नये, हे सांगणे दुकानदाराचे काम नव्हते. विमा-प्रतिनिधी आणि वितरक ह्यांच्या दृष्टीने दहा लाख निधी कार्यालयाकडे परत जाणे म्हणजे गुंतवावयाची रक्कम दहा लाखांनी घटणे. तेव्हा ‘सरकारकडे पैसा देऊन बसू नका’ हा सल्ला पुष्कळांना पुष्कळांकडून मिळाला. त्यांपैकी काहींच्या बाबतीत तो योग्यही होता. पण तो हिशेबातून निघाला नव्हता. उरलेल्यांनी शेजाऱ्याने भरला म्हणून भरला, किंवा युनियनच्या फलकावर नमुना लागला तो उतरवून घेतला.

निष्कर्षावर अवलंबून नसलेला सल्ला परवडणाऱ्या मोलात कसा मिळावा, ह्याचे साधन सातपूरच्या हाताशी आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. येथील मोठ्या कारखान्यांच्या कामगारांनी सहकारी पतसंस्था चालविल्या, युनियनांनी वेतनकरारांसाठी वकील आणि हिशेबनीस नेमले. ताळेबंद वाचून व्यवस्थापनापुढे आकडे मांडणारी माणसे ह्याच वस्त्यांत वाढली. एका वर्षात निवृत्त होणाऱ्या शंभर जणांनी प्रत्येकी दोन हजार काढले, तर दोन लाखांत नोंदणीकृत सल्लागार आठवड्यातून एक दिवस युनियनच्या कार्यालयात येऊन बसू शकेल, आणि समोरच्याने पैसा काढला, ठेवला, वळता केला किंवा काहीच केले नाही, तरी त्याचे शुल्क तेवढेच राहील. ठेकेदाराकडच्या कामगाराला दोन हजारही जड आहेत. त्याची खाती जोडून देण्याचे, नोकरी सोडल्याच्या तारखा भरून घेण्याचे आणि १३ नंबरचा अर्ज करून देण्याचे काम पतसंस्थेच्या कारकुनाने केले तरी पुरे. निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ हा मेळा भरवते, तेथे हे प्रश्न अधिकाऱ्यापुढे मांडता येतात. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातील कोणत्याही बँकेत मिळू लागल्यामुळे, निवृत्त होऊन शिरपूरला किंवा चोपड्याला परत जाणाऱ्याला पेन्शनचे कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात हलविण्यासाठी आता कोणाला काही देण्याचे कारण उरलेले नाही.

ही भेट निवृत्तीच्या दिवशी होऊन उपयोग नाही; ती वर्षभर आधी व्हावी. घाईत घेतलेला विमा परत करण्यास कागद हाती पडल्यापासून तीस दिवस मिळतात, ज्येष्ठ नागरिक योजनेच्या सवलतीला तीन महिने, आणि फंडाच्या दफ्तरातील चुकीची जन्मतारीख दुरुस्त करून घेण्यास कधी कधी त्याहून अधिक. दहा वर्षांच्या आत १०-सी भरून पैसे घेतलेल्याला मात्र एवढीही मुदत नाही. अर्ज मंजूर होऊन रक्कम खात्यात पडली, की ती वर्षे सेवेतून वजा होतात आणि पुढे कितीही वर्षे वर्गणी भरली तरी पुन्हा जोडून मिळत नाहीत.